रक्ताच्या बाटलीवरील चिठ्ठी



मानवी हक्कांची पायमल्ली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तुरुंग, लाठी आणि जाळलेली वस्ती उभी राहते. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते अशा पायमल्लीविषयी, जिच्यात क्रौर्याइतकाच मूर्खपणा आहे. उदाहरण आमच्याच वैद्यकी व्यवसायातले घेतो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. त्यात गोऱ्याचे रक्त, काळ्याचे रक्त असा भेद कोठेही नव्हता. या शोधास १९३० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. तरीही नोव्हेंबर १९४१ मध्ये, लष्करासाठी रक्तसंकलन चालू असताना, अमेरिकन रेड क्रॉसने काळ्या रक्तदात्यांना नकार दिला. टीका झाली, तेव्हा जानेवारी १९४२ मध्ये त्यांचे रक्त स्वीकारण्याचे ठरले. परंतु ते वेगळे ठेवून, ज्याचे त्याच्याच वंशाला द्यावयाचे! शास्त्रीय आधार काय, तर काहीही नाही.

यातील विसंगती पाहा. न्यूयॉर्कमधील रेड क्रॉसच्या रक्तपेढीचे १९४१ सालचे संचालक डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी अध्ययन केले, तेथेच ड्रू यांनी १९४० साली साठविलेल्या रक्तावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. ब्रिटनला प्लाझ्मा पाठविण्याची योजनाही त्यांनीच सांभाळली. वर्णवार रक्ताला त्यांनी जाहीर विरोध केला. १९५० साली मोटार अपघातात ते वारले. गोऱ्यांच्या इस्पितळाने त्यांना रक्त नाकारले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती खरी नाही. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी उपचारांत कसूर केली नव्हती. खरा अन्याय एवढा मोठा असताना आपण खोट्याचा आधार का घ्यावा?

रेड क्रॉसने १९५० च्या अखेरीस ही चिठ्ठी काढून टाकली. अरकान्सास राज्याचा तत्सम कायदा मात्र माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ सालापर्यंत आणि लुइझियानाचा १९७२ पर्यंत टिकला.

आपणांस हे नवल वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते मंत्रघोषात तळ्यात ओतले व तळे 'शुद्ध' केले. जंतुशास्त्राच्या दृष्टीने तळे बाटले असेल, तर ते त्या घागरींनी! दोन्हीकडचे दुखणे एकच आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो बांधवांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली.

भोजनोत्तर शेजारच्या दालनात रक्तदान शिबिर आहे. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली एक दुर्मिळ रक्तगट नोंदविला. जग त्यास बॉम्बे गट म्हणते. प्राथमिक तपासणीत तो 'ओ' भासतो, पण अशा रुग्णास 'ओ' रक्त दिले तर प्राणावर बेतते. त्यास त्याच गटाचे रक्त लागते. तेव्हा 'ओ' गटाच्या मंडळींनी आपली पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि बॉम्बे गट निघाल्यास रक्तपेढीत नाव नोंदवावे.

जय भीम!