शहराचें अंगण

श्रोतेहो, शहराचा प्राण त्याच्या मध्यवस्तींत असतो. डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें, तो मोटारींच्या गर्दींत गुदमरूं लागला होता. १९६२ च्या नोव्हेंबरांत तेथील स्ट्रॉयेट ही सुमारें एक किलोमीटर लांबीची जुनी बाजारपेठ प्रयोगादाखल वाहनांस बंद करण्यांत आली. गिऱ्हाईक दुरावेल, या भीतीनें दुकानदारांनीं विरोध केला. घडलें मात्र उलट. पायीं येणारांची वर्दळ वाढली, तसा व्यापारही वाढला; आणि १९६४ मध्यें ही व्यवस्था कायम झाली. जेथें केवळ रहदारी होती, तेथें लोक बसूं लागले, बोलूं लागले. रस्ता रुंद केल्यानें वाहनें वाढतात. अंगण मोकळें राखल्यानें शेजार वाढतो. हें श्रोत्यांनीं आपापल्या गांवची पेठ डोळ्यांपुढें आणून ताडून पाहावें.