अपघात रस्त्यावर मिटवू नका



कापसाच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. मी जरा वेगळ्या विषयासाठी उभा आहे. मी शेतीशास्त्राचा पदवीधर, वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना बोंडअळीच्या खालोखाल मला ज्या गोष्टीबद्दल विचारले जाते ती म्हणजे गाडीने उडवल्याची प्रकरणे.

प्रकार नेहमीचा. अंधार पडताना बैलगाडी शेतातून निघते, किंवा वेचणीहून बाया रस्त्याच्या कडेने येत असतात, आणि मागून चारचाकी ठोकते. एक बैल जागेवर जातो, माणसाचा पाय मोडतो, कधी माणूसच जातो. गाडीवाला हात जोडतो. गावातले दोन वजनदार लोक येतात, म्हणतात, “झाले ते झाले, पोलिसात जाऊन काय मिळणार?” पाच-दहा हजारांत मिटते आणि एका कागदावर अंगठा होतो, की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुढे पायात सळई टाकायला लाखभर लागतात तेव्हा तोच कागद विमा कंपनीचा वकील न्यायाधीशांपुढे ठेवतो.

आपल्या माणसांची अडचण काय असते? गाडीवाला बहुतेक वेळा ओळखीचा, शेजारच्या गावचा, नाहीतर कुणाचा तरी व्याही. त्याला कोर्टात कसे खेचायचे? तर हे समजून घ्या. 1988च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक गाडीला ‘तिऱ्हाइताचा विमा’ सक्तीचा आहे. गाडीवाला दरवर्षी हप्ता भरतो तो यासाठीच, की त्याच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर कंपनीने द्यावे. दावा गाडीच्या मालकावर आणि कंपनीवर लागतो. विमा चालू असेल तर पैसे कंपनीच्या तिजोरीतून येतात, तुमच्या व्याह्याच्या खिशातून नव्हे. ड्रायव्हरकडे लायसन नव्हते, एवढ्यावरून कंपनी हात झटकू शकत नाही. अशा ठिकाणी न्यायाधिकरण कंपनीला आधी तुम्हाला द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते.

हा दावा जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. जुन्या सहा नंबरच्या हायवेवर तुम्हाला पंजाबच्या ट्रकने ठोकले तरी पंजाबात जायचे कारण नाही. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाईचा दावा पडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी सौम्य आहे. पण मुदत ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण त्या भरवशावर बसू नका. तेराव्यानंतर पेरणी, पेरणीनंतर निंदण, आणि मग दिवाळीत वकील गाठायचा, हा आपला हिशेब इथे चालणार नाही.

पहिल्या दिवसाचे काम म्हणजे गाडीचा नंबर आणि पोलिसात फिर्याद. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात बैलगाडी रस्त्याच्या डाव्या कडेला होती, हे लिहिले गेले की नाही ते वाचून घ्या, नसेल तर लिहायला लावा. गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा, हे गाडीच्या नंबरावरून मोबाइलवरच्या परिवहन खात्याच्या ॲपमध्ये पाहता येते. दवाखान्याचे एकूण एक बिल जपा, औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठ्यासुद्धा. बैल मेला असेल तर त्याला पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या आणि बाजारातली खरेदीची पावती शोधा. जनावर ही मालमत्ताच आहे, तिच्याही भरपाईचा दावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. भरपाई ठरते ती गेलेल्या माणसाच्या कमाईवरून. कंपनीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, “साहेब, शेतकरी मेला, पण शेत कुठे गेले? सातबारा बायकोच्या नावावर झाला, कापूस पिकतोच आहे, मग उत्पन्न बुडाले कसे?” सर्वोच्च न्यायालयानेही 2003 मध्ये साधारण असेच म्हटले, की जमीन वारसांकडे राहतेच, म्हणून नुकसान धरायचे ते तिची देखरेख करणाऱ्या माणसाचे. म्हणजे सारा प्रश्न शेतकऱ्याच्या घामाचे मोल किती, इथे येऊन थांबतो. भाव मागताना आपण जो प्रश्न विचारतो तोच हा.

हिशेब मांडून दाखवतो. अडतीस वर्षांचा शेतकरी, मागे बायको, दोन पोरे आणि म्हातारी आई. न्यायाधिकरणाने त्याच्या श्रमाची किंमत महिना 6,000 धरली. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, झाले 8,400. घरात चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले 6,300. वर्षाचे 75,600. या वयाला गुणक 15. एकूण 11 लाख 34 हजार. तेच श्रमाची किंमत 10,000 धरली गेली तर हिशेब 18 लाख 90 हजारांवर जातो. फरक साडेसात लाखांचा, आणि तो पडला केवळ कागदांमुळे. हे गणित 2009 आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी बांधून दिले आहे, त्यात वकिलाची मखलाशी चालत नाही. चालते ती फक्त पहिल्या आकड्यावर.

तेव्हा तो आकडा सिद्ध करायला काय लागते? जिनिंगच्या काटापावत्या, बाजार समितीच्या पट्ट्या, सोसायटीचे कर्जखाते, दूध डेअरीचे कार्ड, बँकेचे पासबुक. आणि माणूस गेल्यावर सालगडी ठेवावा लागला असेल तर त्याला काय दिले त्याची लेखी नोंद. देखरेखीची किंमत काय, याचा याहून चांगला पुरावा नाही. माझा अनुभव असा, की या पावत्या दिवाळीच्या साफसफाईत चुलीत जातात.

बायकांचे काय? ती गेली तर ‘घरकाम’ असे लिहून मोकळे होतात. घरकामाचीही कमाई धरावी, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. शिवाय आपली बाई नुसते घर सांभाळत नाही, वेचणी, खुरपणी, शेण, कडबा सगळे तिच्याच डोक्यावर. वेचणीचा किलोमागे दर काय चालला होता, हे शेजारच्या शेतकऱ्याने साक्षीत सांगावे.

जखमी माणसाचीही तीच गत. मनगट वाकत नाही, डॉक्टर म्हणतो अपंगत्व 30 टक्के. लेखणी धरणाऱ्याला ते 30 असेल, वखर धरणाऱ्याला किती? मोजायची असते ती कमाईची ताकद, हे 2011 च्या निकालात स्पष्ट आहे. डॉक्टरला साक्षीला बोलावण्याचा आग्रह धरा.

आपल्याही बाजूने चूक निघते, ते लपवण्यात अर्थ नाही. रात्री कापूस भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, बैलगाडीला चकाकणारी पट्टी नाही, मग न्यायाधिकरण भरपाईतला काही हिस्सा आपल्या चुकीपोटी कापते. पट्टी शंभर-दीडशे रुपयांत येते. मालाच्या टेम्पोत वेचणीला बायका भरून नेल्या आणि टेम्पो उलटला, तर फुकटच्या प्रवाशांचा विमा नाही म्हणून कंपनी सुटते. मात्र स्वतःच्या कापसाबरोबर ट्रकच्या केबिनमध्ये बसून जाणाऱ्या मालधन्याला विमा लागू आहे. आणि ज्यांच्या ट्रॅक्टरचा विमा संपला आहे त्यांनी घरी जाण्याआधी तो भरावा. तुमच्या ट्रॅक्टरखाली कोणी आले तर जप्ती तुमच्या वावरावर येईल.

गाडी ठोकून पळाली, नंबर मिळालाच नाही, तरी हात हलवत परत येऊ नका. 2022 च्या योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार आहेत, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे.

वकिलाबद्दल दोन शब्द. भरपाईतला टक्का ठरवून वकिली करणे वकिलांच्याच नियमात बसत नाही. ‘तीस टक्के माझे’ म्हणणाऱ्याला ते ऐकवा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. लोक अदालतीत कंपनी तडजोडीला बोलावेल. जावे, पण वर दाखवलेला हिशेब स्वतः करून जावे, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

ज्यांच्या घरी असे प्रकरण सहा महिन्यांच्या आतले आहे, त्यांनी जेवणानंतर फिर्यादीची नक्कल आणि असतील तेवढ्या पावत्या घेऊन मंडपाच्या मागच्या बाजूला थांबावे.