गाळण्याच्या कापडातून निसटणारे विष



पाणी गाळून प्यावे, हा श्रावकाचा संस्कार. ही रीत सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आली. आरोग्याशी तिचे नाते पुढे शास्त्रानेही मान्य केले. बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले होते. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे सुटे होतात आणि छिद्रे बारीक होतात.

आजचे विष मात्र या गाळण्यात अडकत नाही. पाण्यात विरघळलेले शिसे कापडातून सरळ पार होते. हवेतील अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढा. सुती रुमालाला तो काय जुमानणार!

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात निळे कुत्रे हिंडताना दिसले. एका कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या अंगावर चढले होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. कासाडी नदीचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. जानेवारी २०२१ मध्ये खारघरला पांढऱ्या गाळणीची मोठी कृत्रिम फुप्फुसे उभारली, ती दहा-बारा दिवसांत काळवंडली. पनवेलकरांनी या बातम्या वाचल्या आणि घडी घालून ठेवल्या! तळोज्याच्या कारखान्यांत समाजातील कोणाचेच भांडवल नाही, असे छातीठोकपणे म्हणता येईल काय? पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचे नाव आहे, त्याचा अर्थ आता विस्ताराने लावावा लागेल.

मुलांना याची झळ अधिक, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे विशीपर्यंत वाढत असतात. जमिनीवर रांगणारे, हात तोंडात घालणारे मूल जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतील शिसेही गिळते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगविलेले पाळणे आणि खिडक्या अनेक घरांत आहेत.

दम्याबाबत तर आपला समाज विशेष लाजतो. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून तिचा पंप लपविला जातो, ‘सवय लागेल’ म्हणून मध्येच सोडला जातो. वास्तविक पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याची मात्रा गोळीपेक्षा फारच अल्प असते. डॉक्टरांनी सांगितलेला पंप मुलाच्या दप्तरात असावा आणि वर्गशिक्षकांना त्याची कल्पना दिलेली असावी.