पुडीत काय आहे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला आज रसायनशास्त्रावर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी घड्याळाकडे पाहू लागतील, याची मला कल्पना आहे. म्हणून सूत्रे आणि समीकरणे बाजूला ठेवून माझ्या घरातील एका पुडीपासून सुरुवात करतो.

माझी खाला गुडघेदुखीने बेजार झाली होती. कोणीतरी बाजारात चूर्ण विकणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. 'शुद्ध जडीबुटी आहे, अपाय काहीच नाही,' असे तो सांगे. तिसऱ्या दिवशी खाला जिना चढू लागली. घरात त्या माणसाला सगळे दुवा देऊ लागले. पण काही महिन्यांत तिचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आणि रक्तातील साखर वाढली. पुढे विक्रेता गाव सोडून गेला, पुड्या बंद झाल्या आणि खाला अंथरुणाला खिळली. उलट्या होऊ लागल्या, रक्तदाब उतरला. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कसली पुडी घेत होत्या?"

उरलेली एक पुडी मी प्रयोगशाळेत तपासून घेतली. तिच्यात स्टेरॉइड निघाले. हे औषध बरेच दिवस पोटात गेले की शरीर आपले स्वतःचे तसले द्रव्य बनवणे कमी करते. मग ते एकाएकी थांबवले तर जिवावर बेतते. खाला वेळेवर पोचली म्हणून वाचली.

स्टेरॉइड कसे सापडले, हे विद्यार्थ्यांनी ऐकावे. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढते आणि पुष्कळदा काळ्या शाईतून निळा, तांबडा असे निरनिराळे रंग वेगळे होतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या चालीने चढते. प्रयोगशाळेत कागदाऐवजी सिलिकाचा पातळ थर दिलेली काच घेतात. एका ठिकाणी पुडीच्या अर्काचा ठिपका, शेजारी माहीत असलेल्या स्टेरॉइडचा ठिपका. दोन्ही सारख्याच उंचीवर थांबले तर संशय बळावतो. मग दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेतात. यालाच रासायनिक पृथक्करण म्हणतात.

आता कोणी म्हणेल, 'म्हणजे जडीबुटी सारी खोटी?' मुळीच नाही. सर्पगंधा या वनस्पतीची हकीकत ऐका.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती देत, म्हणून काही भागांत तिला 'पागल बूटी' म्हणत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान हे युनानी वैद्यकाचे मोठे जाणकार. जुन्या औषधांची नव्या विज्ञानाने कसून तपासणी व्हावी, असे त्यांना वाटे. हकीमसाहेब 1927 मध्ये वारले. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दीकी नावाचे तरुण संशोधक जर्मनीतील फ्रँकफर्टहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले आणि तिब्बिया कॉलेजात संशोधन करू लागले. अलिगढला त्यांनी शिकलेले विषय होते तत्त्वज्ञान आणि फारसी! तेव्हा 'आता आपली वाट बदलणार नाही,' असे कोणत्याही विद्यार्थ्याने मानू नये.

अशा कामाची पद्धत साधारण अशी. मुळी वाळवून कुटतात आणि अल्कोहोलमध्ये भिजवून तिचा अर्क काढतात. अर्कात शेकडो द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांपैकी अल्कलॉइड नावाची द्रव्ये आम्लाच्या पाण्यात विरघळतात. तेच पाणी अल्कधर्मी केले की ती पुन्हा साक्याच्या रूपाने बाहेर पडतात. मग शुद्ध स्फटिक मिळेपर्यंत तीच खटपट पुनःपुन्हा करायची. सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1931 च्या सुमारास सर्पगंधेतून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांतील एकाला हकीमसाहेबांची आठवण म्हणून 'अजमलीन' हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष ओळखण्याच्या चाचणीत अजमलीन आजही वापरतात.

रक्तदाबावरील गुणाची कथा मात्र आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा आपल्या रुग्णांना देऊन रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये 50 रुग्णांवरील निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे 1952 मध्ये त्या मुळीच्या राळेसारख्या चिकट भागातून 'रेसर्पिन' वेगळे करण्यात आले. रक्तदाब उतरवणारे आणि मन शांत करणारे मुख्य द्रव्य ते हेच. पहिल्या पाच स्फटिकांत ते नव्हतेच! पहिल्यांचे काम वाया गेले का? नाही. त्यांनी वाट पाडली, म्हणून पुढच्यांना शोधता आले.

रेसर्पिनच्या एका रेणूत 33 कार्बन, 40 हायड्रोजन, 2 नायट्रोजन आणि 9 ऑक्सिजन अणू असतात. ते नुसते मोजून भागत नाही. कोणता अणू कोणाला जोडला आहे आणि कोणत्या दिशेला आहे, तेही जुळावे लागते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी 1956 मध्ये साध्या द्रव्यांपासून पायरीपायरीने हा रेणू घडवला. याला संश्लेषण म्हणतात. मुळीतले रेसर्पिन आणि प्रयोगशाळेतले रेसर्पिन यांत कसलाही भेद नाही. तेव्हा 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि रासायनिक म्हणजे विषारी' ही समजूत मनातून काढून टाका. रेसर्पिनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना उदासीनता येते असे आढळले. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि त्याचा वापर ओसरला. मुळीचा गुण खरा होता, तसा दोषही खरा होता. दोन्ही कळले ते तपासणीमुळे.

पालकहो, म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. घरात कोणतेही औषध येवो, कोणी जाणकाराने दिलेले असो वा दुकानातले, तीन गोष्टी विचारा: यात काय आहे, किती आहे आणि हे कशावरून? ज्याला उत्तर देता येत नाही किंवा ज्याला प्रश्नाचाच राग येतो, त्याची पुडी घरात आणू नका. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल, तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट मुलींविषयी. सर्पगंधेच्या अल्कलॉइडांवर कलकत्त्यात मोलाचे काम करणाऱ्या डॉ. असीमा चटर्जी यांना 1961 मध्ये भटनागर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपली मुलगी विज्ञान शाखेचा अर्ज घेऊन आली, तर 'प्रयोगशाळेत संध्याकाळ होते' एवढ्या कारणावर तिचा अर्ज परत करू नका. तिला घ्यायला जा.

आणि विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीत शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेऊ नका. तुमचा निकाल पुस्तकाशी जुळला नाही, तर जसा आला तसा लिहा आणि प्रयोग पुन्हा करा. उद्या एखाद्याच्या खालाची पुडी तुमच्या टेबलावर येईल. त्या दिवशी तुमच्या खऱ्या नोंदीवर एक जीव अवलंबून असेल.