नेट आधी, लीग नंतर



दहावीनंतर माझा व्हॉलीबॉल सुटला. पनवेलमध्ये मुलींनी पुढे कुठे खेळायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग आली, पण ती पुरुषांची. महिला क्रिकेटची प्रीमियर लीग मात्र ४ मार्च २०२३ रोजी आपल्या शेजारी, नेरुळला सुरू झाली. अमेरिकेत ‘लीग वन व्हॉलीबॉल’ने आधी मुलामुलींचे क्लब जोडले, महिलांचे सहा व्यावसायिक संघ जानेवारी २०२५ मध्ये उतरवले.

क्रम तोच हवा. शाळेनं संध्याकाळी दोन तास मैदान द्यावं. नेट, दिवे आणि प्रशिक्षक आपल्या बॅचने. पहिल्या वर्षाचं मानधन मी देते. दहावीनंतरही मुलींना यायला हक्काची जागा असू दे.