जामीन राहणारी माणसं



कर्जाच्या कागदावर दुसऱ्यासाठी जामीन राहायचं म्हटलं, की आमच्या वरोऱ्याकडं घरचे लोक आधी हात धरतात. 'त्यानं नाही फेडलं तर?' प्रश्न रास्तच असतो. आज सांगायचंय ते एका वेगळ्या जामिनाबद्दल.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, दुकानांवर बहिष्कार आला. त्यांतले काही जण बोटीनं मुंबईला पोहोचले. त्यांना हात देण्यासाठी १९३४ मध्ये मुंबईतल्या ज्यूंनी ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन केली. हे लोक आपल्यावर बोजा होतील, अशी इंग्रज सरकारला धास्ती होती. यांच्या पोटापाण्याची जबाबदारी आमची, अशी हमी असोसिएशननं दिली. तीही कधी न पाहिलेल्या माणसांसाठी! त्या हमीवर कित्येकांना या देशात पाऊल ठेवता आलं.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं. हिटलरच्या छळातून सुटून आलेली ही माणसं कागदोपत्री जर्मन, म्हणून 'शत्रूचे नागरिक' ठरली. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं गेलं. असोसिएशन पुन्हा पुढं झाली. हे हिटलरचे हस्तक नव्हेत, त्याचे बळी आहेत, हे तिनं सरकारला पटवून दिलं. चौकशी होऊन पुष्कळ जण सुटले.

त्या काळात आलेल्या ज्यूंपैकी एक होते वॉल्टर काउफमान. १९३४ मध्ये ते मुंबईत आले. १९३७ ते १९४६ ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत पाहत. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिननं उमटणारी रेडिओची ती ओळखीची धून त्यांचीच मानली जाते. पिढ्यान् पिढ्या आपली सकाळ त्या धुनेनं उजाडली. ती परक्याची आहे, असं कधी कुणाला वाटलं का?

आपल्या शेजारी गडचिरोलीत, मुलचेरा-चामोर्शीकडं, पूर्व बंगालातून विस्थापित झालेली कुटुंबं वसली. वरोऱ्यातही कोळसा खाणीवर, जिनिंगमध्ये लांबून माणसं येतात. त्यांना खोली देताना आपण विचारतो, 'इथं ओळखीचं कोण आहे?' विचारायला हरकत नाही. पण ज्याचं कुणीच नाही, त्यानं काय सांगावं? निराश्रिताला भाकर लागते, पांघरूण लागतं. पण त्याही आधी 'हा माझा माणूस आहे' म्हणणारं कुणी तरी लागतं.

मुंबईतल्या त्या मंडळींनी तेवढंच म्हटलं होतं.