ज्याच्या घरचं जेवण, त्याच्या घरचं पथ्य



रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे मर्यादा ओलांडल्याची खूण असते आणि त्याबरोबर पथ्याचा एक छापील कागद मिळतो. तूप बंद, अंडी बंद, तळलेलं बंद, फळं-भाज्या भरपूर. कागदात फारसं खोटं काही नसतं. पण तळकोकणात ज्या घरी तूप सणावारीच पानात पडतं, तिथे सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त स्निग्धांश, येतो तो खोबरेल तेलातून आणि वाटपातल्या नारळातून. पुण्याच्या पेठेतल्या निवृत्त गृहस्थांकडे तो दोन वेळच्या चहाबरोबरच्या खारी-नानकटाईतून येतो. बदलीच्या गावी एकटं राहून मेसचा डबा खाणाऱ्या कारकुनाच्या पोटात तो पामतेलातून जातो. 'तूप बंद' हे तिघांनाही सांगितलं, तर तिघेही ते मनापासून पाळतील आणि तिघांचाही आकडा जागचा हलणार नाही. मग 'पथ्य करून काही होत नाही' असा निष्कर्ष ते काढतील, आणि त्यांच्या अनुभवापुरता तो खराच असेल. आहारशिक्षणाने कोलेस्टेरॉल उतरतं, पण आधी विचारलं, मग सांगितलं आणि मग पुन्हा मोजलं तरच उतरतं, हे मला आज मांडायचं आहे.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, ताटातून थेट येणारा वाटा त्या मानाने लहान असतो. एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते रक्तातून उचलून आत घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं ते याच शोधमालिकेसाठी. संपृक्त स्निग्धांश वाढला की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तात साचून राहतं. उलट डाळी, कडधान्यं, ओट्स, इसबगोल यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं, ते रक्तातून ओढून घेतलं जातं. म्हणून अंड्यातल्या बलकापेक्षा तेलाच्या डब्यावर आणि वाटीतल्या उसळीवर अधिक अवलंबून असतं. अमेरिकेच्या २०१५ सालच्या आहार-मार्गदर्शिकेने आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. आपल्याकडच्या छापील कागदांवर मात्र अंडं अजूनही पहिला आरोपी आहे.

तेलाचा हिशेब अवघड नाही. रोजच्या उष्मांकांपैकी १ टक्का संपृक्त स्निग्धांशातून काढून करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांकडे वळवला, तर एलडीएल (दर डेसिलिटर रक्तामागे) साधारण २ मिलिग्रॅमने उतरतं. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाचे ५ टक्के म्हणजे १०० उष्मांक, म्हणजे ११ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश. तेवढा तर खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात असतो. हा एक चमचा बदलला की सुमारे १० मिलिग्रॅमचा फरक. पण तो चमचा कोणत्या घरात कोणत्या पदार्थात दडला आहे, हे विचारल्याशिवाय कळायचं कसं?

शिवाय अहवालही सगळ्यांचे सारखे नसतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या प्रौढांच्या रक्तातली मेदद्रव्यं तपासली गेली. २०१४ साली ते निष्कर्ष छापून आले. ७९ टक्के लोकांच्या अहवालात एक तरी बिघाड होता. वाढलेलं एलडीएल सुमारे १२ टक्क्यांत होतं, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स जवळजवळ ३० टक्क्यांत आणि कमी एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी, असं ७२ टक्क्यांत. ज्याची ट्रायग्लिसराइड्स चढली आहेत त्याच्या बाबतीत आधी पाहायला हवी ती दिवसाकाठच्या पाच कप चहातली साखर, पानातला भाताचा ढीग, मद्य आणि बैठं काम. त्याला अंडं सोडायला लावून आपण त्याच्या ताटातलं चांगलं प्रथिन काढतो आणि त्या जागी आणखी एक पोळी ठेवतो. एकच कागद सगळ्यांना वाटण्यातलं नुकसान असंही होतं.

आता पुरावा. आपापल्या घरी राहणाऱ्या माणसांना नुसता आहाराचा सल्ला दिला तर काय होतं, याचा आढावा १९९८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सहा महिने किंवा अधिक काळ चाललेल्या प्रयोगांत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ५.३ टक्क्यांनी उतरलं होतं. त्यावरून आहाराचा नाद सोडावा असं कुणालाही वाटेल. पण टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांचे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. २००३ साली त्यांनी ४६ जणांवर महिनाभराचा प्रयोग केला. सोया, बदाम, चिकट तंतू आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल असलेला आहार एका गटाला तयार करून दिला. एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. लोव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी उतरलं होतं. २०११ साली त्यांनी तोच आहार कॅनडातल्या ३५१ जणांना फक्त शिकवला, आणायचं आणि शिजवायचं ज्याचं त्याने. सहा महिन्यांनी घट १३ ते १४ टक्के. 'संपृक्त स्निग्धांश कमी करा' एवढा सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात ती ३ टक्के होती. दोन बैठका मिळालेल्यांत आणि सात बैठका मिळालेल्यांत फारसा फरक नव्हता, पण ज्यांनी आहार जितका पाळला तितकं त्यांचं एलडीएल उतरलं. हा प्रयोग व्यक्तिगणिक सल्ल्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण २९ आणि १३ यांच्यामधलं अंतर अन्नाच्या गुणाचं नाही. तयार ताट आणि सांगितलेलं ताट यांच्यामधलं ते अंतर आहे, आणि शिक्षणाला जे काम करायचं आहे ते याच जागेत.

व्यक्तिगणिक सल्ल्याची थेट परीक्षा युरोपातल्या सात देशांत 'फूड-फोर-मी' या प्रयोगात झाली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. काहींना सर्वसाधारण सल्ला, काहींना त्यांच्या खाण्याच्या नोंदीवरून सल्ला, काहींना त्यात वजन-रक्ताची मापं मिळवून, तर काहींना वर जनुकांची माहितीही जोडून. सहा महिन्यांनी वैयक्तिक सल्ला मिळालेल्यांचा आहार सर्वसाधारण सल्लावाल्यांपेक्षा सुधारला, संपृक्त स्निग्धांशही कमी झाला. जनुकांच्या माहितीने त्यात काहीच भर पडली नाही. प्रयोग कोलेस्टेरॉल वाढलेल्यांपुरता नव्हता आणि मोजला तो मुख्यतः आहार, हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते. लाळेची नळी पाठवून हजारो रुपयांना जनुकीय आहारतक्ता विकत घेण्याची सध्या जी ओढ आहे, तिला या पुराव्याचा आधार नाही. 'तुम्ही काय खाता?' हा साधा प्रश्नच कामाचा ठरला. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविचाराची आठ अंगं सांगितली आहेत. त्यात शेवटचं अंग उपयोक्ता, म्हणजे खाणारा, आणि सवयीने अंगवळणी पडलेलं ओकसात्म्य त्याच्या ठायी आहे असं म्हटलं आहे. कोलेस्टेरॉल तेव्हा कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण खाणाऱ्याला वगळून पथ्य ठरत नाही, ही जाण आपल्याला परकी नाही.

वैयक्तिक सल्ल्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या एका आढाव्यातून येतो. त्यात आहारतज्ज्ञांचा सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा सरस ठरला, पण लोकांनी स्वतः वाचून वापरायच्या साहित्यापेक्षा तो सरस असल्याचं दिसलं नाही. मग वेळ आणि पैसा कशाला घालवायचा? मला या निष्कर्षाला बगल द्यायची नाही. त्यातून मला एवढंच दिसतं, की गुण पदवीत किंवा समोरासमोर बसण्यात नाही, सल्ल्याच्या आशयात आहे. तज्ज्ञानेही तोच सर्वांना लागू असलेला उपदेश केला, तर त्याची किंमत छापील कागदाएवढीच. युरोपातला तो प्रयोग तर सगळा इंटरनेटवरून झाला होता. म्हणजे वैयक्तिक सल्ला महागच असतो असं नाही. आशा सेविकेच्या हातातली नेमक्या दहा प्रश्नांची यादीही ते काम करू शकेल, प्रश्न तिथल्या स्वयंपाकाला धरून असले तर.

दुसरा आक्षेप औषधाचा. स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते, मग ताटाची एवढी उठाठेव का? इथे माझं मत स्वच्छ आहे. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, किंवा ज्याच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल जन्मापासून चढं आहे (असे लोक सुमारे अडीचशेत एक असतात), त्याने गोळी घ्यावीच. आहाराच्या भरवशावर ती परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. पण ज्याचं एलडीएल १६० आहे आणि बाकी धोका कमी आहे, त्याचं १३ टक्क्यांनी उतरलं तर ते १४० च्या आत येतं. एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे प्रसंग सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे गोळ्यांच्या प्रयोगांतूनच सिद्ध झालं आहे. २० मिलिग्रॅमची घट त्या मापाने क्षुल्लक नाही. शिवाय एकाच्या गोळीने एकाचंच एलडीएल उतरतं. तेलाचा डबा बदलला की घरातल्या सगळ्यांचं ताट बदलतं.

म्हणून सुरुवात डब्यापासून व्हावी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा लागत असेल, तर माणशी रोज सुमारे अडतीस ग्रॅम तेल होतं, आणि त्यात बाहेरचा वडापाव, फरसाण धरलेलं नाही. 'तुम्ही तेल किती खाता?' असं विचारलं तर सगळेच 'बेताचंच' म्हणतात. 'डबा किती दिवसांनी आणता?' असं विचारलं की खरा आकडा मिळतो. फोडणी पळीने घालता की किटलीतून ओतता, उसळ आठवड्यातून किती वेळा, वाटपात खोबरं ओलं की सुकं, चारच्या चहाबरोबर काय, हे प्रश्न पाऊण तासात सहज विचारून होतात. त्यातून तीन बदल निवडावेत, तीनच, आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावं. आहाराचा परिणाम तेवढ्या अवधीत दिसतो. नाही दिसला तर सल्ला बदलावा, माणसाला दोष देऊ नये.

आपल्या घरांत अहवाल बहुधा एकाच्या नावाचा असतो आणि फोडणी दुसऱ्याच्या हाताची. पथ्याचा कागद मात्र अहवालवाल्याच्या खिशात जातो. तेव्हा पुढच्या वेळी अहवाल दाखवायला जाताना घरात जे कोणी स्वयंपाक करतं त्यांना बरोबर न्या, आणि महिन्याला तेलाचे किती डबे लागतात तो आकडा लिहून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगा.